इंजिन उघडलंच आहे, तर केसिंगही बघून घ्या



गटाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचले जातात. पूर्वी बी-बियाणं, शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी अशी कारणं असायची. ती आजही आहेतच. त्यांच्या जोडीला आता "गाडीचं इंजिन काम" हेही कारण वरचेवर येतं. त्यात नवल काही नाही. सकाळी डेअरीला दूध, आठवडी बाजाराला भाजी, शेतावर खताची गोणी, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं त्या एका मोटारसायकलवर चालतं. गाडी थांबली की घराची आवक थांबते.

आता एक हिशोब करून बघा. समजा, इंजिन कामासाठी गटातून १०,००० रुपये उचलले. महिना १ टक्का व्याज, १० हप्ते. पहिल्या महिन्याला १,००० मुद्दल आणि १०० व्याज. तिसऱ्या महिन्यात इंजिन पुन्हा खडखडायला लागलं आणि मिस्त्री म्हणाला, "ताई, परत खोलावं लागेल." सात हप्ते अजून बाकी आहेत, गाडी गॅरेजात उभी आहे आणि दूध डेअरीला डोक्यावरून न्यायचंय. असं झालं की भांडण मिस्त्रीशी होतं, नवऱ्याशी होतं आणि शेवटी गटातही होतं.

नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवं बेअरिंग टाकूनही इंजिन लवकर बसतं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे हे सगळे नवे भाग ज्या घरात बसवले, ते घरच झिजलेलं होतं आणि ते कुणी तपासलं नव्हतं. ते घर म्हणजे इंजिनचं केसिंग. ते कसं बघायचं, काय दुरुस्त होतं, काय बदलावंच लागतं आणि पैसे देण्याआधी मिस्त्रीला काय विचारायचं, ते या लेखात सांगितलंय. स्वतः पाना हातात धरायला पाहिजे असं नाही. मात्र आपले पैसे कुठे चाललेत, हे आपल्याला कळायला पाहिजे.

केसिंग म्हणजे नेमकं काय?

इंजिनच्या खालच्या भागातली अ‍ॅल्युमिनिअमची जी पेटी असते, ती केसिंग. गॅरेजमध्ये कुणी तिला क्रँककेस म्हणतं, कुणी चेंबर म्हणतं. आपण केसिंगच म्हणू. आपल्या गावांत सगळ्यात जास्त दिसतात त्या १०० सीसीच्या गाड्या. हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. त्यांचं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन तुम्ही रोज बघता. या इंजिनची केसिंग डावी आणि उजवी अशा दोन भागांची असते. शेंगेची दोन टरफलं जशी जुळतात, तशी ती मधोमध जुळतात आणि बोल्टांनी आवळलेली असतात.

या पेटीत मधोमध क्रँक फिरते. तिच्या मागे गिअर असतात. डाव्या बाजूला मॅग्नेट आणि चेनचं पुढचं चाक, उजव्या बाजूला क्लच. तळाशी ऑइल साठतं. क्रँकची आणि गिअरच्या दांड्यांची बेअरिंगं या केसिंगमधल्या गोल खाचांत घट्ट बसलेली असतात. या खाचेला बेअरिंगचं घर म्हणतात. ज्या ब्लॉकमध्ये पिस्टन मागे-पुढे पळतो, तो ब्लॉकही याच केसिंगवर लांब बोल्टांनी, म्हणजे स्टडांनी, बांधलेला असतो. थोडक्यात, इंजिनमधल्या प्रत्येक भागाची जागा केसिंग ठरवते.

जात्याचं उदाहरण घ्या. खुंटा सैल झाला की वरची तळी डुगडुगते, पीठ जाडंभरडं पडतं आणि दगड एकाच बाजूने झिजतो. तळी नवी आणली तरी सैल खुंट्यावर तीही तशीच डुगडुगणार. बेअरिंगचं आणि त्याच्या घराचं नातं असंच आहे.

केसिंग झिजते कशाने?

पहिलं कारण ऑइल. ऑइल कमी झालं किंवा जुनं काळं ऑइल तसंच चालवलं, की बेअरिंग कोरडं पडतं, तापतं आणि जाम व्हायला लागतं. बेअरिंगची बाहेरची कडी केसिंगमध्ये स्थिर राहायला पाहिजे. ती जाम झाली की घरातच फिरायला लागते. कडी पोलादाची, घर अ‍ॅल्युमिनिअमचं. पोलाद अ‍ॅल्युमिनिअमला घासून खातं.

दुसरं कारण सैल चेन. चेन तुटून पुढच्या चाकाजवळ गोळा झाली, की डाव्या केसिंगचा तुकडाच काढते. चेनला वेळेवर ताण दिला असता तर वाचलं असतं, असं नुकसान गॅरेजात वारंवार बघायला मिळतं.

तिसरं कारण इंजिनला चासीशी धरणारे बोल्ट. ते सैल झाले की इंजिन थरथरतं आणि केसिंगच्या कानाची भोकं लांबट होत जातात. पुढे कानाला तडा जातो.

चौथं कारण माणसाचा हात. ऑइलचा तळाचा बोल्ट दरवेळी जोर लावून आवळला, की अ‍ॅल्युमिनिअमचे आटे निघतात. केसिंगचे दोन भाग सुटत नाहीत म्हणून मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटले, की जोडाच्या तोंडाला खाच पडते आणि तिथून ऑइल झिरपतं. आणि उंच दगडावर गाडी आपटली तर तळाला तडा, हे पाचवं.

बघण्याआधी धुणं

ऑइलने आणि मातीने माखलेल्या केसिंगमध्ये काहीच दिसत नाही. म्हणून मिस्त्रीला पहिली गोष्ट सांगायची: "दादा, केसिंग रिकामी करून, धुवून, पुसून ठेवा. मी बघायला येते." धुण्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरतात, नंतर साबणाचं पाणी आणि मग कोरडं करणं. जुनं पॅकिंग जोडाच्या तोंडाला चिकटून बसलेलं असतं. ते लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू काढायचं. पटाशीने खरवडलं तर जोडाचं तोंड खराब होतं. धुताना जवळ चूल, शेगडी, बिडी काही नको.

धुतल्यावर दिवसाच्या उजेडात या पाच जागा बघा.

१. बेअरिंगचं घर

बेअरिंग काढल्यावर घराची आतली भिंत एकसारखी, फिकट राखाडी दिसली पाहिजे. तिथे आरशासारखी चकाकी, गोल-गोल ओरखडे किंवा काळपट डाग दिसले, तर कडी घरात फिरलेली आहे. अजून एक खूण सोपी आहे. चांगलं बेअरिंग थंड केसिंगमधून हाताने निघत नाही. केसिंग उलटी केली आणि बेअरिंग आपोआप खाली पडलं, तर घर सैल झालंय.

केसिंग थंड असताना बेअरिंग घट्ट वाटतं, म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. तापलं की अ‍ॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५२ मिलिमीटरचं घर ८० अंशांनी तापलं, तर ते सुमारे ०.१ मिलिमीटर मोठं होतं. आतलं बेअरिंगही फुगतं, पण निम्मंच. म्हणजे गरम इंजिनमध्ये पकड सुमारे ०.०५ मिलिमीटरने सैल पडते. म्हणूनच कंपनी बेअरिंग मुळातच जास्त घट्ट बसवते. थंडपणी जेमतेम अडकलेलं बेअरिंग गरम झाल्यावर फिरणार, हे समजून घ्या. चांगल्या लेथवाल्याकडे मोजायचं साधन असतं. दोन-तीन दिशांनी माप घ्यायला सांगा, कारण घर बऱ्याचदा एकाच बाजूने खाल्लेलं असतं.

बेअरिंगच्या नंबरातही माप लपलेलं असतं. उदाहरणार्थ ६३०४: शेवटच्या ०४ ला ५ ने गुणलं की २०, म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर. या नंबरचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. बिलावर हा नंबर लिहून घ्या. जुन्यावरचा आणि नव्यावरचा नंबर ताडून बघा.

२. तडे

मोठा तडा डोळ्याला दिसतो, बारीक तडा दिसत नाही. त्यासाठी खडूची जुनी युक्ती आहे. संशय आहे तिथे आतून रॉकेल लावायचं आणि १५-२० मिनिटं थांबायचं. बाहेरची बाजू कोरडी पुसून तिच्यावर शाळेतल्या खडूची पूड घासायची. तडा आरपार असेल तर पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटते. तळ, इंजिन धरणारे कान, स्टडांच्या बुडाची जागा आणि पुढच्या चाकाजवळचा भाग अशा चार ठिकाणी ही परीक्षा जरूर करा.

३. आटे

प्रत्येक भोकात बोल्ट हाताने फिरवून बघायचा. तो बुडापर्यंत सरळ जायला पाहिजे. वाकडा जात असेल, मध्येच फिरून मोकळा होत असेल किंवा त्याच्या दातांत अ‍ॅल्युमिनिअमची तार अडकून येत असेल, तर आटे गेलेत. तळाचा ऑइल बोल्ट आणि ब्लॉकचे स्टड नीट बघा. स्टडचे आटे गेले तर ब्लॉक आणि हेड घट्ट आवळलं जात नाही. मग पॅकिंग फुटतं आणि कॉम्प्रेशन जातं.

४. जोडाचं तोंड

कुकरचं झाकण चेपलं की रिंग नवी टाकूनही वाफ निघते. इथेही तसंच. जोडाच्या तोंडावरून नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे खाच आहे. तोंड सपाट आहे का ते पाहायला जाड, सपाट काचेवर केसिंग पालथी ठेवतात आणि फटीत फिलर गेजची पातळ पट्टी घालून बघतात. ०.०५ मिलिमीटरची पट्टी सहज आत सरकली, तर तोंड वाकलंय.

५. दांड्यांची भोकं

किकची दांडी, गिअरची दांडी जिथून बाहेर येते, ती भोकं गोल आहेत का बघा. दांडी घालून वर-खाली हलवा. खूप हलली तर भोक लांबट झालंय. अशा भोकात कितीही नवं ऑइल सील टाकलं तरी गळती थांबत नाही.

काय दुरुस्त होतं आणि कसं?

आटे गेले असतील तर घाबरू नका. हे रोजचं काम आहे. भोक थोडं मोठं करून, नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवतात. तिला हेलिकॉइल म्हणतात. त्यात पूर्वीच्याच मापाचा बोल्ट बसतो आणि पोलादाचे आटे मूळ अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा जास्त टिकतात. दुसरा मार्ग म्हणजे एक माप मोठा बोल्ट. तळाच्या ऑइल बोल्टला हा मार्ग चालतो. ब्लॉकच्या स्टडला मात्र हेलिकॉइल किंवा पोलादी बुशच हवं. बोल्टला टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणं किंवा एम-सील भरणं ही दुरुस्ती होत नाही. आत भरलेल्या एम-सीलचा तुकडा सुटला तर तो ऑइलच्या जाळीत अडकतो आणि बेअरिंगला ऑइलच पोचत नाही.

बेअरिंगचं घर अगदी थोडं, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या आत सैल असेल आणि चारी बाजूंनी सारखं असेल, तर बेअरिंग धरून ठेवणारं खास द्रव मिळतं. दुकानात लॉकटाइटसारख्या नावाने ते ओळखतात. घर आणि कडी तेलकट राहू न देता ते लावायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. बोल्टला लावायचं लॉकटाइट वेगळं आणि बेअरिंगचं वेगळं, हे विचारून घ्या.

काही जण घरात छिन्नीने किंवा पंचने टिकल्या मारतात. टिकल्यांनी उठलेल्या टोकांवर बेअरिंग तेवढ्यापुरतं घट्ट बसतं. पण पकड त्या मोजक्या टोकांवरच असते. ती टोकं चेपली की बेअरिंग पुन्हा सैल, आणि क्रँक मध्यापासून सरकलेली. तुमच्या केसिंगमध्ये आधीच अशा टिकल्या दिसल्या, तर मागच्या वेळी कुणीतरी वेळ मारून नेली होती असं समजा.

घर जास्त खाल्लेलं असेल तर काम लेथवर जातं. घर मोठं कापून त्यात कडीसारखं बुश घट्ट बसवतात आणि बुशचं आतलं माप बेअरिंगच्या मापाला कापतात. इथे एकच गोष्ट महत्त्वाची: डाव्या आणि उजव्या घराचा मध्य एका रेषेत यायला पाहिजे. म्हणून केसिंगचे दोन्ही भाग गाइड पिनांवर जोडून, बोल्ट आवळून माप धरावं लागतं. "एकच बाजू पाठवली तरी चालेल" असं कुणी म्हणालं, तर दुसरीकडे विचारा.

तडा असेल तर आरगॉन वेल्डिंग लागतं. साध्या वेल्डिंगने अ‍ॅल्युमिनिअम जोडलं जात नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना २-३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडतात, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तड्यावर व्ही आकाराची खाच काढून, तेल पूर्ण काढून, केसिंग थोडी तापवून वेल्डिंग करतात. वर्षानुवर्षं ऑइल प्यालेलं अ‍ॅल्युमिनिअम नीट साफ केलं नाही, तर वेल्डिंगमध्ये बुडबुडे राहतात आणि तिथूनच गळतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तोंड वाकू शकतं. म्हणून वेल्डिंगनंतर काचेवरची परीक्षा आणि बेअरिंगच्या घराचं माप पुन्हा घ्यायलाच हवं.

तोंडावरची बारीक खाच बाहेरच्या झाकणाला असेल, तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून, हलक्या हाताने आठच्या आकड्यासारखं फिरवून ती घालवता येते. पण दोन मुख्य भागांच्या मधल्या तोंडाला असं घासू नये. तिथलं अंतर कमी झालं, की क्रँक आणि गिअरच्या दांड्या दोन्हीकडून दाबल्या जातात. तिथे खाच छोटी असेल तर पॅकिंगबरोबर चांगल्या सिलिकॉनचा पातळ थर पुरतो. जाड थर दिला तर आत ओघळलेलं सिलिकॉन ऑइलच्या जाळीत जातं.

किकच्या किंवा गिअरच्या दांडीचं भोक झिजलं असेल तर लेथवर बुश बसतं. हे काम स्वस्तातलं असतं.

बदलायचं कधी?

या खुणा दिसल्या तर दुरुस्तीत पैसे घालू नका:

- तडा बेअरिंगच्या घरातून आरपार गेलेला आहे.
- बेअरिंगच्या घराचा किंवा इंजिन धरणाऱ्या कानाचा तुकडाच उडालाय.
- दोन-तीन घरं एकाच वेळी खूप खाल्लेली आहेत.
- आधीची दोन-तीन वेल्डिंगं आहेत आणि नवा तडा त्यांच्या शेजारूनच निघालाय.
- लेथ, वेल्डिंग, हेलिकॉइल सगळं मिळून खर्च नव्या केसिंगच्या जवळ जातोय.

शेवटच्या खुणेसाठी स्पेअर पार्टच्या दुकानातून तुमच्या गाडीच्या केसिंगचा भाव आधी काढा. मिस्त्रीच्या तोंडी अंदाजावर ठरवू नका. काही गाड्यांना डावा-उजवा भाग सुटा मिळतो. एकच भाग नवा घेतला, तर नवा-जुना जोडून, आत फक्त बेअरिंग आणि क्रँक ठेवून, बोल्ट आवळून क्रँक हाताने फिरवून बघायला सांगा. ती एका बोटाने सहज फिरली पाहिजे.

आता कागदाची गोष्ट. इंजिन नंबर केसिंगवरच ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांना डाव्या भागावर खालच्या बाजूला. आरसी बुकात तोच नंबर असतो. तो भाग बदलला की गाडीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नाही. पुढे गाडी विकताना, विम्याचा दावा करताना किंवा पोलिसांनी तपासणी केली तर अडचण होते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे अशा बदलाची नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते. म्हणून नवी केसिंग पक्क्या बिलानेच घ्या, जुना नंबर असलेला तुकडा जपून ठेवा आणि आरटीओत विचारून आरसीत नोंद करून घ्या.

भंगारातली केसिंग स्वस्त मिळते, पण तिच्यावर दुसऱ्याच गाडीचा नंबर असतो. ती गाडी चोरीची निघाली तर निस्तरायला तुम्हालाच लागेल. बिलाशिवाय, नंबर घासलेली केसिंग कधीच घेऊ नका.

बेअरिंग बसवताना

चांगली केसिंगही बसवताना बिघडते. बेअरिंग हातोडीने ठोकून बसवलं तर घर खरवडतं आणि बेअरिंगही आतून मार खातं. बरोबर पद्धत अशी: केसिंग सगळीकडून सारखी तापवायची, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडेल इतकी. तेवढ्यात घर फुगतं आणि थंड बेअरिंग अलगद आत बसतं. काचेच्या बाटलीचं पत्र्याचं घट्ट झाकण गरम पाण्यात धरून आपण सैल करतो, तोच हिशोब. एकाच जागी गॅसची ज्योत धरली तर केसिंग वाकते, म्हणून ज्योत फिरवत राहायची किंवा केसिंग तव्यासारख्या गरम पत्र्यावर ठेवायची.

केसिंगचे बहुतेक बोल्ट ६ मिलिमीटरचे असतात. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे १० किलोचा दाब. लांब पाना घेऊन अंगाचं वजन टाकलं, तर नव्या केसिंगचेही आटे जातात. बोल्ट आमने-सामने थोडे-थोडे आवळायचे, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी असं नाही.

लेथ किंवा वेल्डिंगवरून आलेली केसिंग पुन्हा धुतलीच पाहिजे. ऑइलच्या बारीक वाटांमधून हवा मारायची. तिथे राहिलेला लोखंडाचा एक कण नवं बेअरिंग खायला पुरेसा आहे. ऑइल सील, पॅकिंग, ओ-रिंग नवीनच. दोन-चारशे रुपये वाचवायला जुनं सील परत टाकलं, तर सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागतं.

गटाने काय करावं?

इंजिन कामाचा अर्ज आला तर पैसे दोन टप्प्यांत द्यायचा विचार करा. पहिला टप्पा इंजिन उघडून धुण्यापुरता. दुसरा टप्पा केसिंग बघितल्यावर आणि लेखी अंदाज आल्यावर. उघडण्याआधी "सगळं मिळून अमुक हजार" असं सांगणाऱ्याला आत काय आहे ते दिसलेलं नसतं.

अर्जदार ताईने मिस्त्रीला हे प्रश्न विचारावेत:

१. बेअरिंगची घरं बघितली का? सैल कोणतं आहे, दाखवा.
२. कुठल्या भोकांचे आटे गेलेत? त्यांना काय करणार?
३. तडा आहे का? खडू लावून बघितलं का?
४. लेथला दोन्ही भाग पाठवणार ना?
५. काढलेले जुने भाग मला परत मिळतील ना?
६. बिल लिहून द्याल ना? काम किती महिने सांभाळाल?

उघडलेल्या केसिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा: दोन्ही भाग, प्रत्येक घर, इंजिन नंबर. पुढे वाद झाला तर हेच कामाला येतं. चांगला मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही. त्यालाही घाईघाईत केलेलं काम परत आलेलं नको असतं. कित्येकदा गिऱ्हाईकच "दादा, स्वस्तात उरका" म्हणतं आणि मग तो टिकल्या मारतो. आपण नीट करायला सांगितलं आणि दोन दिवस थांबायची तयारी दाखवली, तर तोही नीट करतो.

काम झाल्यावर

पहिल्या रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलाय बघा आणि लगेच मिस्त्रीला दाखवा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरच्या आसपास बदला. निघालेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा. पहिल्या वेळी थोडी बारीक चमक दिसली तर ती नव्या रिंगांची असते. पण अ‍ॅल्युमिनिअमचे कण किंवा चकत्या दिसल्या, तर गाडी चालवू नका, पुन्हा दाखवा.

त्यानंतरचं काम आपल्या हातातलं आहे. आठवड्यातून एकदा ऑइलची कांडी काढून पातळी बघायची. चेन बोटाने दाबून तिचा ढिलेपणा बघायचा आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापात ठेवायचा. महिन्यातून एकदा इंजिनचे बोल्ट पान्याने चाचपायचे. तळाचा ऑइल बोल्ट काढला की त्याचा वॉशर बदलायचा आणि बेताने आवळायचा. या कामांना मिळून पंधरा मिनिटंही लागत नाहीत. घरातल्या मुलींनाही शिकवा, गाडी त्याही चालवतात.

हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. गटात कुणाची गाडी सध्या गॅरेजात उघडी पडली असेल, तर बैठक संपल्यावर दोघी-तिघी मिळून केसिंग बघून या. मिस्त्रीने इंजिन बंद करण्याआधीच जा.